सागाच्या पानातला वाटा

वागिनोला कोणी खाटीक म्हटलेलं खपायचं नाही. "खाटीक विकतो, मी वाटतो," असं तो छाती पुढे काढून म्हणायचा. छाती कसली, नुसत्या बरगड्या. अंगाने काटकुळा, तोंडात लवंगेची सिगारेट, कमरेला सुरी, आणि वाडीत कोणाच्या गोठ्यात गायीने चारा सोडला की ही बातमी त्याला गायीच्या मालकाआधी कळलेली असायची. मी त्याला कांग म्हणायचे, थोरल्या भावाला म्हणतात तसं, आणि धाकटी बहीण असल्यासारखी त्याच्यावर खेकसायचेही. माझी रस्त्याकडेला तळणाची टपरी आहे आणि त्याचं घर टपरीच्या बरोबर मागे, तेव्हा त्याची निम्मी जिंदगी माझ्या डोळ्यांसमोर गेली म्हणायला हरकत नाही.

गुनुंगकिदुलच्या या चुनखडीच्या डोंगरांत माणसाचं जे काही असतं ते गायीत असतं. पोराचं लग्न तिच्यात, पोरीची शाळा तिच्यात, म्हातारीच्या डोळ्याचं ऑपरेशनही तिच्यातच. गाय आडवी झाली की घर आडवं होतं. म्हणून आमच्यात ब्रांदू आहे. गाय वाचत नाही असं दिसलं, की श्वास चालू आहे तोवर तिच्या गळ्यावर सुरी फिरवायची, मांसाचे सारखे वाटे घालायचे आणि वाडीतल्या प्रत्येक घराने एक वाटा विकत घ्यायचा. मांस चांगलं आहे का, आपल्याला हवं आहे का, हे कोणी विचारत नाही. नाही म्हणणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. मेलेलं जनावर आमच्या धर्मात चालत नाही, म्हणून सगळी घाई त्या श्वासाची, आणि अशा घाईच्या वेळी सगळे ज्याच्याकडे धावत ते वागिनोकडे.

वाटे घालावेत तर त्यानेच. तराजू त्याने कधी वापरला नाही. अंगणात सागाची पानं मांडायची, चाळीस घरं तर चाळीस पानं, आणि मग वाकून वाकून एकेका पानावर एकेक तुकडा टाकत जायचा. आधी मांस, मग चरबी, मग काळजाचा बोटभर तुकडा, शेवटी हाड. तीस वर्षांत त्याच्या वाट्यावरून एकही भांडण झालं नाही. आमच्या वाडीत भांडण न होणं ही किती मोठी गोष्ट आहे ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. स्वतःला तो सगळ्यांत शेवटी उरलेलं घ्यायचा. त्याची बायको पाइकेम त्यावरून कटकट करायची. "अहो, चाळीस घरांचं भलं करता, एकेचाळिसाव्या घरात मी राहते ना?" असं ती म्हणायची, आणि तो हसून सिगारेट पेटवायचा.

पण चाळीस पानं भरली की वागिनो आणखी एक पान घ्यायचा. ते त्याच्या बहिणीचं, लेगियेमचं.

यू लेगियेम, यू म्हणजे ताई, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. आई शेतावर गेली की हिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलं. टेकडीच्या वरच्या अंगाला एकटीच राहते, शेंगांच्या शेतात माकडं शिरतात म्हणून एक लालसर कुत्रा पाळलाय. बांधावरचे दोन साग वागिनोने पोराचं घर बांधायला तोडले, ती म्हणाली बापाने ते मला दिले होते, तो म्हणाला बाप असं काही बोललाच नाही. झालं. तेव्हापासून अकरा वर्षं दोघांचं बोलणं बंद. ईदला अख्खी वाडी एकमेकांच्या पाया पडते, माफी मागते; ही दोघं मशिदीच्या दोन दारांनी बाहेर पडायची. आणि दोघांच्या मधली पोस्टमन मी.

पहिल्यांदा वागिनोने मला बहिणीचं पान दिलं तेव्हा म्हणाला, "जुमिरा, हे वर नेऊन दे. माझं नाव घेऊ नकोस. वाडीचा वाटा आहे म्हणावं."

मी चढ चढून गेले. यू लेगियेमने पान उघडलं, वास घेतला, आणि माझ्या देखत कुत्र्यापुढे टाकलं.

"त्याला सांग," ती म्हणाली, "कुत्रा खूश आहे."

खाली आले तर वागिनो नळावर सुरी धूत होता. वर न बघताच त्याने विचारलं, "घेतलं?"

"घेतलं."

"खाल्लं का काही कळलं?"

आता मी काय सांगायला हवं होतं? मी तशी तोंडाची फटकळ. दवाखान्यातल्या बाईलाही सुनावते, मशिदीच्या इमामालाही सोडत नाही. पण वागिनो सुरी धुवायचा थांबला होता आणि त्याचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, "चूल पेटवलीच होती तिने. वासही येत होता."

माझी लबाडी इथून सुरू झाली. मी ती आनंदाने केली, तिच्यात वाईट काही आहे असं मला वाटलंही नाही. पुढच्या ब्रांदूला मी सांगितलं, रस्सा केला होता, नारळ घातला होता. त्याच्या पुढच्या वेळी म्हटलं, जरा चिवट होतं म्हणाली. त्यानंतर कांग तिच्या पानावर कोवळं मांस टाकायला लागला, आणि कुत्रा चांगला धष्टपुष्ट झाला. वर्षातून एकदा, फार तर दोनदा ब्रांदू. अकरा वर्षांत किती वेळा मी खोटं बोलले ते मोजलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात सारमीची गाय पडली. सारमी विधवा, पोरगी शहरात नर्सिंग शिकते, आणि ती गाय म्हणजे पोरीचं शेवटचं वर्ष. आदल्या संध्याकाळपर्यंत गाय बरी होती. सकाळी थरथरायला लागली आणि नाकातून रक्त आलं. सारमी गोठ्याच्या दाराशी फतकल मारून रडत होती. वागिनो धावत आला, गुडघ्यावर बसून गायीच्या नाकाशी हात धरला आणि म्हणाला, "आहे. श्वास आहे. रडू नकोस, मी आहे ना." अल्लाचं नाव घेऊन त्याने सुरी फिरवली.

रक्त काळपट होतं आणि गोठत नव्हतं. मी जवळच होते. म्हटलं, "कांग, हे रक्त बघ कसलं." तो म्हणाला, "उन्हाचे दिवस आहेत, रक्त पातळ होतं." हे त्याने कुठून काढलं देव जाणे. कोपरापर्यंत हात घालून त्याने पोट साफ केलं, दुपारपर्यंत वाटे पडले, आणि संध्याकाळी सारमीच्या पदरात गायीची निम्मीअधिक किंमत जमा झाली. ती त्याच्या पायाशी वाकली. त्याने तिला उठवलं. बहिणीचं पान मी वर पोचवलं, कुत्र्याने ते माझ्यासमोर खाल्लं, आणि खाली येऊन मी सांगितलं, "या खेपेला सुकं केलंय, मिरची घालून."

चौथ्या दिवशी वागिनोच्या मनगटाच्या वर एक पुळी आली. तो टपरीवर बसला होता आणि खाजवत होता. दुसऱ्या दिवशी तिथे फोड, आणि मग मधोमध काळी खपली, आजूबाजूला सूज. "दुखतं का?" विचारलं तर म्हणाला, "अजिबात नाही. दुखलं असतं तर गेलो असतो दवाखान्यात." तेवढ्यात खालच्या आळीत आणखी एक गाय मेली, दोन शेळ्या मेल्या, आणि ज्यांनी सारमीच्या गायीचं मांस कापायला हात लावला होता अशा दोघांच्या हातावर तसलीच काळी पुळी. मग पांढऱ्या गाड्या आल्या.

मास्क घातलेली माणसं सारमीच्या गोठ्यातली माती डबीत भरून घेऊन गेली. आठवडाभर वाडीतून एक जनावर बाहेर जाऊ दिलं नाही. दवाखान्यातली डॉक्टरीण, रेत्नो नावाची तरणी पोरगी, मशिदीच्या अंगणात उभी राहून आम्हाला समजावत होती. अँथ्रॅक्स म्हणाली. काळपुळी. गायीचा रोग, पण कापणाऱ्याला होतो, खाणाऱ्याला होतो, आणि मातीत तर पन्नास पन्नास वर्षं दडून बसतो. माणसांत तसा क्वचितच होतो, म्हणाली, पण झाला आणि रक्तात गेला तर हातात वेळ राहत नाही. तिने गोळ्या आणल्या होत्या. दहा दिवस, सकाळी एक, संध्याकाळी एक, एकही चुकवायची नाही.

"कोणाकोणाच्या घरी मांस गेलं ते सांगा," ती म्हणाली. सारमी खाली मान घालून बसलेली. नाव घेतलं की तिच्यावर येणार, हे सगळ्यांना दिसत होतं. शेवटी वागिनो उठला आणि म्हणाला, "सुरी माझी, वाटे माझे. लिहून घ्या." आणि चाळीसही घरं त्याने क्रमाने सांगितली, कोणाचं नाव विसरला नाही. मला त्या दिवशी त्याचा अभिमान वाटला. एकेचाळिसाव्या पानाचं, बहिणीचं घर त्याने सांगितलं नाही. पण दवाखान्याची माणसं सगळ्याच घरी फिरली, वर टेकडीवरही गेली. यू लेगियेमने त्यांना अंगणातूनच परतवलं. "मी खाल्लेलं नाही. माझं नाव त्याच्या कुठल्याही यादीत नको." त्यांनी तसं लिहून घेतलं. ते खरंच होतं.

आता आमच्या वाडीचा शहाणपणा ऐका. त्या गोळ्यांचंही आम्ही ब्रांदू केलं. कोणाच्या मावशीला पलीकडच्या गावात मांस गेलं होतं, ती यादीत नव्हती, मग भाचीने तिला आपल्यातल्या निम्म्या दिल्या. कोणाचा जावई येऊन जेवून गेला होता. सरकारी माणसाला जाऊन सांगायचं तर त्यांच्याही गावात पांढऱ्या गाड्या जाणार, त्यांचीही जनावरं अडकणार. त्यापेक्षा आपल्या पाकिटातून चार काढून दिलेल्या बऱ्या. मीसुद्धा माझ्या नणंदेला सहा दिल्या. वाटून खायची सवय लागलेली माणसं आम्ही, औषध वाटून खाऊ नये हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

गोळ्या मिळाल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी वागिनो टपरीवर आला. सूज उतरली होती, चेहरा बरा दिसत होता. इकडेतिकडे पाहून त्याने सागाच्या पानाची पुडी माझ्यापुढे ठेवली.

"हे वर नेऊन दे."

उघडून पाहिलं तर गोळ्या. चौदा. मी म्हटलं, "कांग, तुझ्यातल्या काढल्यास काय?"

"छे. मी कापणारा ना, म्हणून बाईने मला दोन पाकिटं दिली. या जास्तीच्या आहेत."

"मग तिला कशाला? ती तर म्हणाली खाल्लं नाही."

"ती म्हणणारच," तो म्हणाला. "सरकारी माणसासमोर कबूल करून माझ्या हातचं खाते असं वाडीला कळू देईल होय? तिला तू ओळखत नाहीस. लहानपणी पायात खिळा घुसला तरी काही झालं नाही म्हणायची." मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "जुमिरा, तूच सांगितलंस ना, सुकं केलं होतं, मिरची घालून?"

कढईतलं तेल तापलं होतं. समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हणू शकले असते, कांग, मी खोटं बोलले, अकरा वर्षं खोटं बोलले, सगळं कुत्र्याने खाल्लं. चार शब्दांचं काम. पण मला लाज वाटली. त्याहून जास्त म्हणजे, त्याचा चेहरा पडलेला मला बघायचा नव्हता. जास्तीच्याच गोळ्या आहेत, माझ्या मनाने सांगितलं, गेल्या तर गेल्या.

"हो," मी म्हटलं, "मिरची घालून."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि उठला.

मी वर गेले. यू लेगियेम शेंगा फोडत होती. पुडी तिच्या ओट्यावर ठेवली. तिने बघितलं आणि म्हणाली, "आता विष पाठवतोय का?"

"औषध आहे. खाल्लं असशील तर घे म्हणाला."

"मी खात नाही हे त्याला माहीत नाही?"

उन्हाचं कारण सांगून उतरले. ती मागून ओरडली, "तर मग कुत्र्याला देऊ?" आणि हसली. मलाही त्या वेळी हसू आलं.

पाच दिवसांनी वागिनो टपरीवर आला नाही. पाइकेम म्हणाली, पोट दुखतंय, ताप आहे. संध्याकाळी गेले तर तो भिंतीला टेकून बसला होता, मान सुजलेली, श्वास धापेचा. "उन्हाने," म्हणाला. मी त्याला उन्हावरून शिव्या घातल्या आणि त्याच्या पोराला मोटरसायकलवर दवाखान्यात पिटाळलं. मोठ्या इस्पितळात न्यायला रुग्णवाहिका दारात आली. रेत्नो डॉक्टरीण स्वतः बरोबर गेली. जाताना तिने पाइकेमला विचारलं, "गोळ्या रोज घेत होते ना?"

"मला वाटलं घेत होते," पाइकेम म्हणाली. मग तिने उशीखालून पाकीट काढलं. एकच पाकीट होतं. रिकामं. कधीपासून रिकामं आहे, ते तिला माहीत नव्हतं.

मला माहीत होतं. दोन पाकिटं नव्हतीच. वीसमधल्या सहा त्याने खाल्ल्या, सूज उतरली म्हणून स्वतःला बरा समजला, आणि उरलेल्या चौदा पानात बांधल्या. मी डॉक्टरणीच्या मागे पळत गेले आणि तिला सगळं सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की तिने थोबाडीत मारली असती तर बरं. "सांगितलं होतं ना मी," ती म्हणाली, "एकही चुकवायची नाही म्हणून? मागितल्या असत्या तर शंभर दिल्या असत्या." आणि दार लावून गाडी निघाली.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. शुद्धीत होता तोवर पोराला एवढंच विचारत होता, आत्या बरी आहे ना. पोरगा म्हणाला, बरी आहे. ते ऐकून तो समाधानाने डोळे मिटायचा, असं पोराने मला सांगितलं. सांगताना त्याला रडू आवरत नव्हतं. मला मात्र रडायला येईना. अजूनही कधी कधी वाटतं की मी रडायला हवं होतं, निदान कोणाच्या तरी देखत.

वाडीतल्या बाकीच्यांना रेत्नोने पुन्हा मोजून गोळ्या दिल्या, रोज येऊन आपल्या डोळ्यांसमोर गिळायला लावल्या. माझ्या नणंदेलाही. त्यानंतर कोणी गेलं नाही.

दफन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टपरी उघडली. उघडायला नको होती, पण घरात बसवेना. भर दुपारी यू लेगियेम टेकडी उतरून आली. अकरा वर्षांत ती या रस्त्याने आली नव्हती. माझ्या फळीवर तिने पुडी ठेवली आणि उघडली. पान वाळून करकरीत झालं होतं. आत चौदाच्या चौदा.

"काल कबरस्तानात पाइकेम रडताना म्हणाली, या त्याच्या स्वतःच्या होत्या," ती म्हणाली. "खरं?"

"खरं."

"मी खाल्लं नव्हतं. त्या माणसांना सांगितलं होतं. तुला माहीत होतं. मग त्याला कोणी सांगितलं मी खाते म्हणून?"

मी गॅस बंद केला. खोटं अजूनही जिभेवर आलं होतं, इतकी सवय झालेली. "मी," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून. दर खेपेला."

मला वाटलं ती कढई उलथेल. उलथली असती तर मी उलथू दिली असती. ती बाकावर बसली. बराच वेळ त्या गोळ्या एकेक करून बोटाने सरकवत राहिली, आणि मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "ऐकून काय म्हणायचा?"

"काही नाही. खूश व्हायचा."

तिने मान हलवली. गोळ्या पुन्हा पानात गुंडाळल्या, पण पान वाळलेलं, ते तुटलं, आणि चार-पाच खाली पडल्या. तिने वाकून त्या गोळा केल्या. सहासष्ट वर्षांची बाई, गुडघे धरलेले. मी मदतीला वाकले तर माझा हात तिने बाजूला केला.

"खायला हवं होतं मी," ती म्हणाली. "एकदा तरी. मग या गोळ्या कामाला आल्या असत्या."